तिसरा खर्डा: टेबलाजवळ फक्त दोघं

आधी आकडे. मुलांसाठी लिहीत असलेल्या माझ्या कादंबरीच्या तिसऱ्या खर्ड्याचे २१,४०० शब्द झाले, प्रकरणं ११. दुसरा खर्डा ३८ हजारांचा होता, त्या हिशेबानं निम्म्याच्या पुढं आलेय. पण गेल्या दीड महिन्यात चार पात्रं काढली, पन्हाळ्याची अख्खी सहल उडवली आणि शेवटची स्पर्धा अजून कोरीच आहे. लिहायची वेळ तीच, पहाटे साडेपाच ते सात, डबे भरायच्या आधी.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूरजवळचं एक काल्पनिक गाव, तिथली सातवी-आठवीची मुलं, शाळेला मिळालेली अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः यंत्रं जुळवून बघायची प्रयोगशाळा) आणि त्यांनी जुळवलेला ‘बंब’ नावाचा रोबोट. वाचक १० ते १३ वर्षांचा. अटल लॅबची योजना नीती आयोगाची, २०१६ सालची. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. पहिल्या खर्ड्यात ही सगळी माहिती मी पहिल्याच पानावर ओतली होती. आता त्यातलं एवढंच उरलंय: जुन्या प्रयोगशाळेला नवा रंग, नवं कुलूप, आणि किल्ली कुणी ठेवायची हे ठरेना म्हणून तीन आठवडे बंद राहिलेलं दार.

दुसऱ्या खर्ड्याचं काय बिनसलं ते माझ्या सातवीतल्या भाच्यानं सांगितलं. साठ पानं वाचून तो म्हणाला, “मावशी, ही पोरं सारखी एकमेकांला थँक्यू का म्हणत्यात?” मी वही उघडून मोजलं. ‘आपण सगळे मिळून’ हे शब्द चौदा वेळा आले होते. टीमबद्दलची कादंबरी, आणि टीम फक्त बोलत होती. ज्या प्रसंगात एकाचं काम दुसऱ्यावाचून अडलंय असा प्रसंग शोधला तर सापडेना. नऊ मुलं होती आणि नऊही जणांना सगळं येत होतं!

तोडगा नियमात सापडला. माझी आंतरशालेय स्पर्धा काल्पनिक आहे, पण तिचा सांगाडा मी फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबोट-स्पर्धेवरून उचललाय. डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि पुढं लेगो कंपनीच्या जोडीनं लहान मुलांसाठी ही लीग उभी राहिली. तिथं टीममध्ये जास्तीत जास्त दहा मुलं, आणि रोबोटचा सामना अडीच मिनिटांचा. रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, रिमोट नाही. ठरलेल्या जागेबाहेर तो अडकला आणि हातानं उचलावा लागला, तर सुरुवातीला दिलेल्या सहा टोकनांतलं एक टोकन पंच काढून घेतात. आणि टेबलाजवळ मोजक्याच मुलांनी थांबायचं. बाकीचे मागं, पण सामना चालू असताना अदलाबदल चालते.

हा शेवटचा नियम मी आधी नजरेआड केला होता. आता तो अख्ख्या कादंबरीचा कणा झालाय. मी संख्या दोनवर आणली: टेबलाजवळ दोघं, बाकीचे पिवळ्या पट्टीमागं. एवढं केल्याबरोबर भांडणं आपोआप सुरू झाली. दोघं कोण? मधेच बदललं तर कुणी बाहेर यायचं? पट्टीमागच्याला चूक दिसतेय पण हात लावता येत नाही, तेव्हा तो काय करतो? माझ्या टीममधली सुमय्या ओरडते. समर्थ ओरडत नाही, बोटं वर करून दाखवतो, आणि अथर्व मुद्दाम तिकडं बघत नाही. हे दीड पान लिहायला मला चार दिवस लागले. या खर्ड्यातलं तेवढंच पान मला खरोखर आवडलंय.

अडीच मिनिटं म्हणजे किती, याचाही अंदाज चुकला होता. मोबाइलवर १५० सेकंद लावून प्रकरण मोठ्यानं वाचलं, तर गजर वाजला तेव्हा रोबोट अजून निघायचाच होता. त्यात आठवणी, मनातले विचार, आईचा चेहरा, सगळं कोंबलेलं. आता एका सामन्याला तीन पानं, त्यात एकही आठवण नाही.

आता बंबाबद्दल. कथेतला रोबोट खरोखर बनवून बघायचा हट्ट मी केला, आणि मुलांसाठी तंत्राचं काही लिहिणाऱ्या प्रत्येकानं तो करावा असं माझं मत झालंय. अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटर (सेलवर चालणाऱ्या छोट्या मोटर), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा बोर्ड), पुढं एक कॅस्टर चाक (सगळीकडं वळणारं), १८६५० या मापाचे, पुन्हा चार्ज होणारे दोन सेल. ‘बंब’ हे नाव ड्रायव्हरमुळं पडलं. तो बोर्ड स्वतःच जवळपास दोन व्होल्ट खातो आणि त्याची उष्णता करतो. उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्याच्या काळ्या पंखांवर बोट ठेवलं की आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवतो.

पहिल्या दिवशी मी वेळेवर चालणारा प्रोग्रॅम लिहिला: मोटर इतके सेकंद चालू, मग बंद. फरशीवर एक मीटर अंतर बरोब्बर जमलं. चहा घेऊन आले, पुन्हा पंधरा-वीस वेळा पळवला, तर तो खुणेच्या आधीच थांबायला लागला. सेकंद वाढवले. रात्री सेल चार्ज केले, सकाळी लावला, तर गडी खूण ओलांडून थेट फ्रिजला धडकला. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि वापरता वापरता उतरत जातो. मोटर मंदावते, आणि सेकंद तेवढेच असले तरी अंतर कमी पडतं. साधी गोष्ट आहे. पण मला ती कळायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांतच मला कादंबरीचं मधलं संकट मिळालं.

ते असं. अथर्व प्रोग्रॅम लिहितो, सुमय्या चाकं-सांगाडा बघते. रोबोट कमी पडला की अथर्व म्हणतो, चाक घासतंय. सुमय्या म्हणते, तुझा कोड येडा आहे. दोघंही आपापल्या परीनं दुरुस्ती करतात, आणि प्रत्येकाची दुरुस्ती दुसऱ्याची बिघडवते. चूक दोघांचीही नाही! सुगावा आहे समर्थच्या वहीत. त्याला ना कोड जमत ना स्क्रू. सरांनी ‘तू नोंदी ठेव’ म्हणून एका कोपऱ्यात बसवलंय. तो प्रत्येक फेरीची वेळ, अंतर आणि मल्टिमीटरवरचा, म्हणजे सेलचे व्होल्ट मोजायच्या यंत्रावरचा, आकडा लिहितो, कारण मल्टिमीटर हाताळायला मिळतो तेवढीच त्याची चैन. अकराव्या प्रकरणात तो वही उघडतो. पण ऐकणार कोण? तिथं मी सध्या थांबलेय.

(उन्हाचा किस्सा राहिलाच. काळ्या पट्टीवरून चालायला मी आयआर, म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर लावले. आत घरात झकास. दुपारी गॅलरीत नेला तर पट्टी सोडून कुंडीत शिरला. उन्हातही इन्फ्रारेड असतो, तो सेन्सरला आंधळा करतो. कथेत मुलं खिडकीला सतरंजी टांगतात.)

सुमय्याचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर आहेत. हे पात्र लिहायला मला कष्ट पडले नाहीत. मी अशाच एका वर्कशॉपची हिशेबाची वही सांभाळते आणि दिवसभर लेथचा आवाज ऐकते. आमच्या इथल्या मिस्त्रींना मी रोबोट दाखवला. निघताना तो दर वेळी थोडा तिरका ठेवला जातो आणि पुढं वीतभर चुकतो, हे सांगितलं. ते हसले. “हाताच्या भरवशावर भोक पाडत्यात व्हय? जॉब बसायची जागा पक्की करा.” म्हणजे जिग. ड्रिलिंगला जसा जिग लावतात तसा लाकडी पट्ट्यांचा एक काटकोन करायचा, रोबोट त्याला टेकवायचा आणि मगच सोडायचा. स्पर्धेत उतरणाऱ्या टीम हेच करतात, पण माझ्या मुलांना ते लेथवरून कळतं याचा मला जास्त आनंद आहे.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती ‘प्ले’ची. लेथचं हँडल उलटं फिरवलं की लगेच टूल हलत नाही, आधी स्क्रूमधली ढिलाई निघते. म्हणून टर्नर मापावर नेहमी एकाच बाजूनं येतो. पुढं गेलाच तर चांगला मागं घेऊन पुन्हा येतो. बीओ मोटरच्या प्लॅस्टिकच्या गिअरमध्ये हीच ढिलाई असते. सोडायच्या आधी रोबोट हलक्या हातानं मागं ओढून ठेवायचा, म्हणजे ती आधीच निघते आणि दर फेरी सारखी सुटते. आठव्या प्रकरणात सुमय्या हे करते, कारण सांगत नाही, आणि अथर्वला वाटतं ही उगाच खेळतेय.

काढलेल्या पात्रांविषयी फार बोलणार नाही. जुळे भाऊ गेले, ते विनोदाला ठेवले होते. श्रीमंत घरचा आगाऊ मुलगा गेला. तो मी पूर्वी कुठंतरी वाचलेला होता. पाचांत सगळं बसतं.

मगदूम सरांनी मात्र फार छळलं. दुसऱ्या खर्ड्यात मुलं अडली की सर येऊन एक गोष्ट सांगायचे आणि प्रश्न सुटायचा. सर काढून टाकावेत असंही वाटलं, पण शाळेच्या लॅबमध्ये मोठं माणूस नाही हे पटत नाही. शेवटी त्यांना निवडणुकीच्या कामाला लावलं. सर येतात, सही करतात, कुलूप उघडून देतात, फोनवर बोलत बोलत बाहेर जातात. शिक्षक असलेल्या एका मैत्रिणीनं हे वाचून हात जोडले.

भाषेची एक अडचण तुमच्यापुढं मांडते. सुमय्या, सानिका, दोघीही ‘मी करतो’, ‘मी आलो’ असं बोलतात. आमच्याकडं मुली अशाच बोलतात. घरात मीही तशीच बोलते. पुण्यातल्या एका वाचक मित्रानं सगळीकडं लाल पेननं ‘करते’, ‘आले’ केलं आणि समासात ‘लिंगाकडे लक्ष द्या’ असं लिहिलं. मी बदलणार नाही. पण वाचणारं पोर नागपूरचं असेल तर पहिल्या पानावर गोंधळेल, हेही खरं. तूर्त दुसऱ्या प्रकरणात मुंबईहून बदलून आलेला वेदांत सानिकाला विचारतो, “तू मुलगी आहेस ना?” आणि ती म्हणते, “मग, म्हैस हाय व्हय मी?” तेवढ्यानं भागावं.

तांत्रिक शब्द ‘सेन्सर’, ‘कोड’, ‘मोटर’ असेच ठेवलेत. ‘संवेदक’ फक्त सरांच्या अहवालात येतो, तिथं तो शोभतो.

आता अडलंय ते शेवटच्या स्पर्धेत. फर्स्टच्या जगात एक कल्पना आहे, एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी रुजवलेली: जिंकायला जिवाचं रान करा, पण समोरच्याला मदतही करा. इंग्रजीत तिला दोन भारदस्त शब्दांचं नाव आहे. मराठीत ‘खिलाडूवृत्ती’ लिहिलं की बक्षीस समारंभातलं भाषण ऐकू येतं. आठवडाभर चडफडले. मग समर्थच्या घरची शेती आठवली आणि ‘पैरा’ सापडला. आज माझा बैल तुझ्या रानात, उद्या तुझा माझ्या. त्यात उपकार नाही, हिशेब आहे, आणि हिशेब असूनही माणुसकी आहे. आता प्रसंग असा: उपांत्य फेरीआधी सांगलीच्या टीमचा एक सेल बसतो. बंबाच्या टीमकडं जादा जोड आहे, पण भरलेला असा तेवढाच. समर्थ तो उचलून देतो, कुणाला न विचारता. “पैरा हाय. फेडा कवातरी.”

इथवर ठरलंय. यानंतर अथर्व चिडणार हे नक्की, कारण सेलचं महत्त्व त्याला नुकतंच, तेही समर्थच्याच वहीतून कळलेलं असणार. म्हणजे अकरावं प्रकरण आधी सुटायला हवं. अथर्वनं ती वही वाचायला तर हवी. माफी मागून तो वही मागेल हे मला नको आहे. सध्याचा बेत असा की समर्थ एक दिवस गैरहजर राहतो, रानात पाणी पाजायची पाळी असते, आणि नोंदी ठेवायचं काम अथर्ववर येतं. कोरे रकाने भरायला तो मागचं पान उलटतो.

रविवारी वर्कशॉपच्या कट्ट्यावर मिस्त्रींच्या दोन नातवंडांना आणि भाच्याला हे वाचून दाखवणार आहे. बंबही नेणार. सेल रात्रीच चार्जिंगला लावून ठेवलेत.