बांधून नेलेला गारवा

पुण्याला जायचं ठरलं की आमच्या घरात सगळ्यात आधी फ्रीझर रिकामा होतो. मटाराची पाकिटं आणि अर्धवट संपलेलं आइस्क्रीम शेजारच्या वहिनींकडे मुक्कामाला जातं आणि त्या जागी पाण्याच्या एक-एक लिटरच्या पाच बाटल्या आडव्या पडतात. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, चार बोटं जागा सोडायची. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं हे शाळेत शिकलो होतो. पटलं मात्र काचेची बाटली तडकून कोकम सरबताचा लाल बर्फ फ्रीझरभर खरवडावा लागला तेव्हा.

बेळगाव ते पुणे साधारण 340 किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर सहा तास, आणि कागल ते सातारा रस्ता सहापदरी करायला घेतल्यापासून तो मोकळा मिळेल ही आशा आम्ही सोडून दिली आहे. त्यात एप्रिल-मे असेल तर निपाणी ओलांडेपर्यंत गाडीचं टप हात लावू देत नाही. अशा भट्टीतून लेकीसाठी न्यायचं काय, तर लोणी. आईनं पहाटे घुसळून काढलेलं, ताकाचे थेंब अंगावर असलेलं. त्याशिवाय खवा, गोठवलेला मटणाचा रस्सा आणि विरजणाची वाटी, कारण पुण्याचं दही लागत नाही, नुसतं आंबतं, असं आईचं ठाम मत आहे. आणि अर्थात कुंदा. त्याला खरं तर बर्फाची गरज नसते. दूध तपकिरी होईपर्यंत आटवताना त्यातलं बरंचसं पाणी निघून गेलेलं असतं, उरलेल्याला साखर धरून ठेवते. पुण्यापर्यंतचा प्रवास तो मांडीवर बसूनही करील. गोकाकचं करदंट तर गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याचं. ते काशीपर्यंत जाऊन परत येईल. पण बायकोला धीर नसतो. कुंदाही पेटीतच जातो.

हे सगळं पुण्यात मिळत नाही का? मिळतं. हा प्रश्न घरात एकदाच विचारला गेला होता, जावयाकडून. त्यानंतर त्यानंही विचारलेला नाही.

आमची पेटी म्हणजे 25 लिटरचा निळा आइसबॉक्स, पांढऱ्या झाकणाचा. तो घरी आणला त्या दिवशी आईनं आत हात घालून बघितला आणि म्हणाली, ‘‘ह्यात गार कुठं हाय?’’ आम्ही सगळे हसलो. पुढं त्या पेटीबद्दल जे जे कळत गेलं, ते सगळं ह्याच प्रश्नाचं उत्तर होतं. तिला वायर नाही, मोटार नाही. प्लास्टिकच्या दोन भिंती, मध्ये फेस आणि फेसात कोंडलेली हवा. कोंडलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश सरकते, एवढंच पेटीचं कर्तृत्व. मासळीवाल्यांचं थर्मोकोलचं खोकंही हेच करतं. थर्मोकोलमध्ये 95 टक्क्यांहून जास्त नुसती हवा असते. म्हणजे गारवा तयार करायचं काम आदल्या रात्री घरच्या फ्रीझरचं, आणि पेटीचं काम तो रस्त्यात जपून खर्च करायचं.

हा खर्च मोजता येतो, हे कळल्यावर मला जरा जास्तच उत्साह आला. एक किलो बर्फ नुसता वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता पितो आणि तेवढी पिऊनही शून्य अंशावरच बसून राहतो. फ्रिजमधून काढलेलं एक लिटर गार पाणी 5 अंशांवरून 15 अंशांवर जाईपर्यंत जेमतेम 10 किलोकॅलरी पितं. म्हणजे वजन एक, जागा एक, पण कामात आठपट फरक. तेव्हापासून नुसत्या गार बाटलीला आमच्या पेटीत प्रवेश बंद आहे. पेटीही रात्रीच एक बर्फाची बाटली आत टाकून मिटून ठेवायची. तापलेल्या माळ्यावरून काढलेली पेटी सकाळी तशीच भरली, तर पहिला बर्फ पेटीच खाते. गार हवा जड, ती खाली उतरते, म्हणून दोन बाटल्या तळाला आणि तीन डोक्यावर. मधल्या फटींत जुने पंचे कोंबायचे, कारण रिकाम्या जागेतली हवा झाकण उघडलं की निघून जाते आणि तिच्या जागी महामार्गाची हवा आत येते.

झाकण. सगळं भांडण त्या झाकणाचं आहे. पूर्वी प्यायच्या पाण्याच्या बाटल्याही त्यातच असायच्या, म्हणजे तवंदीचा घाट येईपर्यंत पेटी चारदा उघडलेली. मागच्या सीटवरून आईचा आवाज यायचा, ‘‘झाकण कशाला उघडालायस?’’ आता पाण्याची पिशवी वेगळी. मग मी एक थर्मामीटर आणला, पेटीत ठेवायचा. खाण्याची नासणारी वस्तू 5 अंशांच्या खाली नाहीतर 60 अंशांच्या वर ठेवावी, मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. त्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त ठेवू नये आणि बाहेर 32 अंशांहून जास्त तापलं असेल तर तासभरच, असं वाचलं होतं. वाचलं तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी बासुंदीकडे घड्याळ लावून बघतो. तर थर्मामीटर. आणल्यावर बायकोनं शांतपणे विचारलं, ‘‘अहो, आकडा बघायला झाकण उघडायला लागणार की नाही?’’

एवढी काळजी आमच्यात मुळात नव्हती. ती एका बांगड्यानं लावली.

बेळगाव आणि गोवा ह्यांचा व्यवहार जुना आहे. आमची भाजी नि दूध घाट उतरून खाली जातं, त्यांची मासळी घाट चढून वर येते. जून-जुलैत तिकडं ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा इकडं बेळगावात सुकटीवर आणि स्मरणरंजनावर दिवस काढायचे. तसे ते काढून झाल्यावर, दोन वर्षांमागं सप्टेंबरात, म्हापशाला अक्काकडे गेलो होतो. परतीच्या दिवशी सकाळी बाजारात बांगडे असे होते की ते बघून मोटार विकावी आणि होडी घ्यावी. डोळे काचेसारखे, कल्ले लालभडक, अंग घट्ट. मासळीवालीनं विचारलं, ‘‘बर्फ घालूं?’’ आता घरी तर चाललोय, तीन तासांचा रस्ता, म्हणून मी म्हटलं, ‘‘थोडा घाल.’’

त्या ‘थोडा’नं घात केला. अक्कानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. गाडी अंगणात उन्हात उभी, बांगडे डिकीत. डिचोलीला तिच्या नणंदेकडे पाच मिनिटं म्हणून चहा, म्हणजे पाऊण तास. साखळी, केरी, मग चोर्ला घाटात धुकं आणि पुढं एक ट्रक, जो कणकुंबीपर्यंत काही पुढं जाऊ देईना. मलप्रभेच्या उगमाशी हात जोडायला थांबलो, ते पुण्य पदरात पडलं असेल. डिकीत मात्र बर्फाचं कधीच पाणी झालं होतं आणि बांगडे त्यात पुन्हा पोहायला लागले होते. जांबोटी करून घरी पोचलो तेव्हा दिवेलागण. आईनं वास घेतला. वास काही नव्हता. तिरफळं घालून झणझणीत कालवण झालं, मी तीन खाल्ले.

अर्ध्या तासात कान तापले. मग तोंड, मग गळा. आरशात बघितलं तर कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा लालबुंद. अंगाला खाज, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. आई म्हणाली, ‘‘मासा लागला अंगाला.’’ डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘बांगडा काय?’’

मग त्यांनी सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. बांगडा, कुपा ह्या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जंतू त्याचं हिस्टामीन करतात. म्हणजे ॲलर्जीत आपलं शरीर जे सोडतं, तेच हा मासा तयार करून ताटात आणून देतो. त्याला वास येईलच असं नाही. आणि एकदा तयार झालं की तळा, उकळा, तिरफळं घाला, ते मोडत नाही. गोळीनं रात्रीत उतरलं, पण स्वयंपाकाच्या आगीवरचा माझा भाबडा विश्वास त्या रात्री गेला. आता जेवढी मासळी तेवढाच बर्फ, खाली एक थर, वर एक थर, फुटलेला, माशाला बिलगेल असा. आणि वितळलेलं पाणी काढून टाकायचं. मासळीवालीनं विचारायच्या आधीच मी बर्फ मागतो.

आईला हे सगळं बघून हसू येतं. ‘‘नेतासा, खरं जे वाटेत टिकत नाही ते न्यायचं कशाला?’’ असं ती म्हणते. (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्यात ह्यावरून लेकीचे पहिले सहा महिने गोंधळ झाले.) तिच्या काळी वाट लांब असायची आणि खाणं वाटेच्या बेतानं ठरायचं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकऱ्या. कडक भाकरीत पाणीच नाही, तर जंतू पिणार काय? मसालेभात मात्र ती कधी प्रवासाला बांधायची नाही. का, ते तिला सांगता यायचं नाही; तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा जागे होतात, हे मी तिला चाळीस वर्षांनी सांगितलं. ‘‘मग मी काय म्हणत होते?’’ म्हणाली.

आणि दहीभात. खरं तर तो निघताना दहीभात नसायचाच. मऊ भात मळून, कोमट असताना त्यात भरपूर दूध आणि दही फक्त एक चमचा. मिरची-आल्याची फोडणी. डबा झाकायचा आणि एसटीत बसायचं. दूध वाटेत विरजत जायचं आणि कऱ्हाडला डबा उघडला की भात नेमका लागलेला, गोडसर, अजून आंबट न झालेला. बाहेरची ऊन हवा, जिच्याशी मी पाच बाटल्या घेऊन भांडतो, तीच तिच्या डब्यात कामाला लागलेली असायची. दह्यातले जंतू आधीच घर बळकावून आंबट करून ठेवायचे, मग बाकीच्यांना शिरकाव अवघड.

पाण्याचंही तसंच. अप्पांच्या जीपच्या बंपरला छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, लटकलेली असायची, ओलीचिंब. वारा लागून पाणी उडायचं आणि आतलं गार व्हायचं. गाडी जितकी पळेल तितकं जास्त गार. खानापूरची मामी लोण्याचं मडकं ओल्या वाळूत रोवून वर ओलं फडकं घालायची. खानापूरची माती मडक्यांसाठी नावाजलेली, ती घाम छान गाळते. एक ग्रॅम पाणी उडून जाताना, एक ग्रॅम बर्फ वितळताना लागते त्याच्या सातपट उष्णता घेऊन जातं. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा ह्या शिक्षकानं एका मडक्यात दुसरं मडकं, मध्ये ओली वाळू, असा भाजी टिकवायचा उपाय गावोगाव नेला. 2000 साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. मामीला कुणी घड्याळ दिलं नाही. अर्थात तिच्याच खानापुरात जुलै लागला की हवेत इतकं पाणी असतं की मडक्यातलं उडायलाच तयार नसतं. मग लोणी कढवून तूप.

एवढं सगळं शहाणपण असलेली हीच बाई आम्ही निघताना लोण्याचा डबा पुढं करते. तूप नाही, लोणीच. आजीच्या नियमांत नातीसाठी पळवाट असते.

परवा गेलो ते नऊ तास लागले. कात्रजचा नवा बोगदा संपला तेव्हा संध्याकाळचे पाच. लेकीनं पेटी उचलून ओट्यावर ठेवली, वरची बाटली काढून कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. तिनं लोण्याचा डबा गालाला लावून बघितला आणि काही न बोलता फ्रिजमध्ये सरकवला. तेवढ्यात फोन वाजला. आईच होती. पोचलात काय, जेवलात काय, काही नाही.

‘‘बर्फ उरला काय?’’

‘‘उरला. सुपारीएवढा.’’

‘‘सुपारीएवढा? मागच्या खेपेला लिंबाएवढा होता.’’ थोडी शांतता. ‘‘कोण उघडला वाटेत?’’

कराडच्या पुढं, सगळे चहाला उतरले असताना, थर्मामीटर बघायला मी फक्त एकदाच झाकण उचललं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी फोन तिच्या हातात दिला.