बोगनवेलीला काय घालता?

गॅलरीत आलेला प्रत्येक जण उथळ कुंडीतल्या माझ्या बोगनवेलीच्या बोन्सायपाशी थांबतो आणि हेच विचारतो, "काय घालता हो हिला? आमच्या बोगनवेलीला नुसतीच पानं!" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. घालत काहीच नाही. उलट पाणी तोडते.

झाड जेमतेम सव्वा फूट, खोड मात्र मनगटाएवढं. कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याचं कुंपण पाडलं, तेव्हा राडारोड्यात पडलेला बुंधा मी रिक्षात घालून आणला होता. रिक्षावाल्याने काट्यांचे वेगळे पैसे मागितले. दिले. मुळं जवळजवळ नव्हतीच. वाळू आणि विटांच्या चुऱ्यात खोचून सावलीत ठेवला, तर महिन्याभरात कोंब फुटले. बोगनवेल जगायला अवघड नाही, फुलायला आढेवेढे घेते.

तर पाण्याचं. पाऊस नक्की गेला असं वाटलं, म्हणजे साधारण नोव्हेंबरात, मी रोजचं पाणी बंद करते. पानं मलूल होऊन लोंबली की मगच द्यायचं, आणि तेव्हा भोकातून वाहेपर्यंत द्यायचं. मग पुन्हा मलूल होईपर्यंत हात आखडता. असे दोन-तीन आठवडे काढावे लागतात. पहिल्या वर्षी मला राहवलं नाही, रोज संध्याकाळी चोरून तांब्याभर घालत होते. त्या वर्षी माझ्याकडेही नुसतीच पानं! मात्र जपून. उथळ कुंडीत मलूल पान आणि वाळलेलं पान यांच्यात एका दुपारचंच अंतर असतं. शेंड्यांवर रंगाचे ठिपके दिसले की रोजचं पाणी सुरू, नाहीतर कळ्या झडतात.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. 1767 साली फ्रेंच नाविक बूगनव्हिलच्या मोहिमेवरच्या कोमेर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती रिओजवळ दिसली आणि तिला कप्तानाचं नाव मिळालं. आपल्या गुलबक्षीच्या कुळातली. आपण फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, खरं फूल म्हणजे आतली पांढरट नळी. बोन्सायमध्ये झाडाची हिरवी पानं लहान होत जातात, ही रंगीत पानं मात्र फारशी आक्रसत नाहीत. म्हणून काडीएवढ्या खोडावर भला मोठा बहर आला की झाड टोपी घातलेल्या पोरासारखं दिसतं. आधी खोड जाड हवं, असं मी म्हणते ते याचसाठी.

ऊन पाच-सहा तास हवंच. तुमची गॅलरी उत्तरेकडे असेल तर वरचं सगळं विसरा आणि दुसरं काही लावा. युरिया तर नकोच, त्याने पानंच माजतात. पावसाच्या तोंडावर मूठभर जुनं शेणखत पुरतं.

कात्री बहर ओसरल्यावर. फुलं नव्या फुटीच्या टोकाशी येतात, त्यामुळे आकार नीट दिसावा म्हणून ऐन नोव्हेंबरात शेंडे खुडलेत तर फुलंच खुडलीत असं समजा. वळण देण्यासाठी तार हिरवट, कोवळ्या फांदीलाच गुंडाळायची. जुनी फांदी वाकत नाही, कडकन मोडते. आणि कुंडी बदलताना वडाच्या बोन्सायसारखी मुळं सपासप छाटू नका. हिची मुळं दोऱ्यासारखी नाजूक, मातीबरोबर तुटून येतात. माझी एक बोगनवेल अशीच गेली.

मोठी फांदी कापलीत तर जखम लगेच झाका. लाकूड मऊ असतं, पावसाचं पाणी मुरलं की सडतं. माझ्या या झाडाच्या पाठीत अंगठा जाईल एवढी पोकळी आहे, एका जुलैत मी नुसतंच कापून ठेवलं त्याची. आता तिथे मुंग्या राहतात. ती बाजू कायम भिंतीकडे असते, म्हणून तुम्हाला दिसली नाही. पुढच्या वेळी आलात की कुंडी फिरवून दाखवते.