खोक्याची पिवळी स्कूल बस: हॅलोविनच्या पोशाखाचा माझा अनुभव

खोक्याच्या पोशाखात रंग सगळ्यात शेवटी येतो. मूल तो घालून चालणार, पायऱ्या चढणार, धावणार. तेव्हा तो अंगावर कसा बसतो हे आधी बघावं लागतं. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून ज्यांनी गणपतीचं मखर पुठ्ठ्याचं केलंय, त्यांचा या सामानावर हात बसलेला असतो. पण मखर एका जागी उभं राहतं. पोशाख खांद्यावरून लटकतो आणि सगळा ताण पट्ट्यांच्या चार खाचांवर येतो. इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी, म्हणजे मुलं सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागायला जातात त्या संध्याकाळसाठी, पाच वर्षांच्या मुलाच्या मापाची स्कूल बस मी कशी करते, ते सांगते.

घर हलवताना वापरतात ते छोटं खोकं, १६ × १२ × १२ इंचांचं, बसच्या धडाला पुरतं. १६ इंचांची लांबी पुढून मागे येईल असं ते धरायचं. बॉनेटसाठी तसंच दुसरं खोकं कापायला लागतं. छापील, गुळगुळीत खोक्यावर रंग धरत नाही, म्हणून ते मी उलटं करून घेते. कोपऱ्यावर सव्वा इंचाचा चिकटवलेला जोड असतो. त्यात बटर लावायची बोथट सुरी घालून तो सावकाश सोडवायचा, खोकं आतलं बाहेर करायचं आणि ग्लू गनने जोड पुन्हा चिकटवायचा. पॅकिंग टेप ओढून काढली तर वरचा कागदही सोलून येतो. हेअर ड्रायरने ती गरम करून, अगदी खोक्यालगत आडवी ओढली की सुटते.

खालची झाकणं कापून टाकायची, वरची बंद करून आतून टेप लावायची. वरच्या बाजूला १० इंच रुंद, ९ इंच लांब अंडाकृती भोक पाडायचं. माप जाकीट घालूनच घ्यायचं. ऑक्टोबरअखेर संध्याकाळी इथे चांगलीच थंडी असते आणि नुसत्या शर्टावर बेतलेलं खोकं ऐन वेळी अंगात शिरत नाही. हात वर करून खोकं डोक्यावरून उतरवायचं. वरची कड काखेच्या खाली दोन बोटं राहिली की हात मोकळे राहतात आणि मुलाला पिशवी पुढे धरता येते.

आता पट्टे. इंचभर रुंदीची वेबिंगची (जाड विणलेली) पट्टी किंवा जुन्या दप्तराचे पट्टे चालतात. भोकाच्या पुढे दोन खाचा एकमेकींपासून पाच इंचांवर, मागे दोन चार इंचांवर. प्रत्येक खाचेखाली आतून ३ × ३ इंचांचा पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवायचा, पण त्याच्या नळ्या (पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधल्या नागमोडी थराच्या पोकळ्या) खोक्याच्या नळ्यांना काटकोनात यायला हव्यात. दोन्ही एकाच दिशेने असले तर खाच नळीच्या रेषेत फाटत जाते. पट्टा खाचेतून आत घेऊन पेन्सिलीच्या तुकड्याभोवती गुंडाळून शिवायचा. गाठ मारली तर वजन एका बिंदूवर येतं. पेन्सिल ते पसरवते. पाठीवर पट्टे फुलीसारखे आडवे घ्यायचे, म्हणजे खांद्यावरून घसरत नाहीत. बॉनेटमुळे बस पुढे झुकत असेल तर पुढच्या खाचा आणखी पुढे सरकवायच्या आणि दिव्यांची बॅटरी मागच्या भिंतीला लावायची.

रंगाआधी मुलाला जिन्यावर चढवून बघायचंच. इथल्या पोर्चच्या पायऱ्या साधारण सात इंच उंच असतात. मांडी वर येते तेव्हा पुढची भिंत तिला अडते आणि मूल तोल सावरायला मागे जातं. म्हणून पुढची खालची कड तीन इंच वर, कमानीसारखी कापते. बॉनेटही चार इंचांपेक्षा पुढे काढत नाही, नाहीतर स्वतःची पावलंच दिसत नाहीत.

बॉनेटचा गोलावा हे सगळ्यात नाजूक काम. पुठ्ठा नळ्यांच्या रेषेत गोल वळतो; नळ्यांना आडवा वाकवला की चुरगळून मोडतो. बॉनेटच्या वरच्या पट्टीत नळ्या डावीकडून उजवीकडे जातील अशी ती कापायची. मग टेबलाच्या कडेवरून दर अर्ध्या इंचाला दाबत ओढायची, म्हणजे एकसारखी गोल येते. सरळ घडी हवी तिथे रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधारे रेघ दाबून घ्यायची. कटरने अर्धवट चिरलेली घडी वापरात फाटते.

पिवळा रंग तपकिरी पुठ्ठा झाकत नाही, कितीही हात दिले तरी मातकट दिसतो. आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग पिवळ्याचे दोन पातळ हात. पाण्याच्या रंगाने वरचा कागद फुगतो आणि वाळताना आकसतो, त्यामुळे भिंत पोकळ वाकते. आतूनही प्रायमरचा एक हात दिला की दोन्हीकडचा ताण सारखा होतो. हा पिवळा रंग १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तिथले प्राध्यापक फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत ठरला, कारण त्यावरची काळी अक्षरं पहाटेच्या अंधुक उजेडात नीट दिसतात. हॅलोविनच्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पोशाखालाही तो उपयोगीच पडतो. तरी मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टिव्ह टेप हवीच.

चाकं सात इंची कागदी बश्यांची, काळी रंगवून. दिव्यांना बॅटरीचे छोटे एलईडी. पोर्चवर भोपळ्यांत खऱ्या मेणबत्त्या असू शकतात, त्यामुळे कागदी झालरी लटकवत नाही. स्टॉपची पाटी बसच्या डाव्या अंगाला: पाच इंचांच्या चौकोनाचे चारही कोपरे दीड इंचाला किंचित कमी कापले की बरोबर अष्टकोन होतो. पेपर फास्टनरने (दोन पाय फाकवायच्या पितळी टाचणीने) लावताना मध्ये पुठ्ठ्याची चकती घालायची, नाहीतर पाटी उघडता-मिटताना भिंतीचा रंग खरवडते.

खालच्या कडेच्या उघड्या नळ्या ओल्या गवतातलं पाणी शोषतात. पुठ्ठ्याचे थर स्टार्चच्या गोंदाने चिकटवलेले असतात, तो भिजला की सुटतात. त्या कडेला डक्ट टेप दुमडून लावायची, म्हणजे ती मांडीलाही घासत नाही. गाडीत बस उतरवून डिकीत ठेवायची. कार सीटचा पट्टा खोक्यावरून लावायचा नाही, म्हणून डिकीचं तोंड आधीच मोजून ठेवायचं. आणि बाहेर पडताना हातभर डक्ट टेप पेन्सिलीला गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकायची.