जुनी सेलिंग जॅकेटं: यंदाच्या पावसाळ्यातलं काम कुठवर आलं

मंडळी, पाऊस लागला की आपलं शिडाचं काम आटोपतं. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा बांध खवळलेला असतो, दोनापावलाच्या बाजूच्या डिंग्या (छोट्या शिडाच्या होड्या) झाकून ठेवलेल्या असतात. मग माझी शिलाई मशीन बाहेर निघते. यंदा टेबलावर तीन जॅकेटं आहेत: एक निळं जाड नायलॉनचं, एक पिवळं चिकट झालेलं, आणि एक मी स्वतः कॅनव्हासचं शिवून तेल पाजलेलं.

निळ्यापासून सुरू करतो, कारण खरा जीव त्यातच आहे. आमच्या नात्यातले एक तारवटी (जहाजावर काम करणारे) होते, त्यांनी ते ब्रिटनमधल्या कुठल्याशा बंदरात घेतलेलं. बाहेरून नायलॉन, आतून निओप्रीनचा काळा रबरी थर, उंच कॉलर, चेनवर दोन पदरी झाप. उचललं की हात खाली जातो. लेबल पुसलंय, पण घराणं ओळखीचं आहे. 1963 मध्ये मँचेस्टरला हेन्री स्ट्रझेलेकी आणि अँगस लॉइड यांनी हेन्री लॉइड ही सेलिंगच्या कपड्यांची कंपनी सुरू केली, तेव्हापासून तेलकट कापड मागे पडत गेलं आणि नायलॉनची जॅकेटं डेकवर आली. ब्रिटिश खलाशी फ्रान्सिस चिचेस्टर 1966-67 मध्ये जिप्सी मॉथ 4 ही शिडाची बोट घेऊन एकट्याने जगाला फेरी मारून आले, ते त्याच कंपनीचे कपडे घालून. माझं निळं त्या काळाइतकं जुनं नाही, पण शिवण त्याच वळणाची आहे.

पहिलं काम मीठ काढायचं. बाही जिभेला लावून बघा, लगेच कळतं. मीठ नुसतं खरखरत नाही, ते पाणी ओढतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपणहून ओलं होऊन विरघळू लागतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे खारं जॅकेट गोव्यात पावसाळाभर वाळतच नाही, कितीही दिवस दोरीवर राहू दे. कोमट गोडं पाणी, मऊ ब्रश, साबण अगदी नावाला, आणि पाणी बदलत राहायचं. पितळी बटणांवरचा हिरवा थर चिंचेने निघाला. नंतर भरपूर पाण्याने धुवा, चिंचेचा आंबटपणा शिवणीत राहिला तर दोऱ्याचं काही खरं नाही.

चेनचे दात जाड प्लास्टिकचे, अजून शाबूत. गेलाय तो स्लायडर, म्हणजे वरखाली सरकतो तो तुकडा. खाऱ्या हवेत नेहमी तोच आधी जातो, कारण चेनमध्ये धातूचा तुकडा तेवढाच. लोक अख्खी चेन उसवायला बसतात. तशी गरज नसते. स्लायडरच्या पाठीवर मापाचा आकडा असतो तो वाचा आणि तेवढाच बदला.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. निळ्याचं अस्तर खालच्या काठाला उसवलं आणि अख्खं जॅकेट उलटं केलं. सगळ्या शिवणी समोर. खांद्याची शिवण कुठे ओढली गेली, खिशाच्या कोपऱ्यात कापड कुठे झिजलं, सगळं दिसतं आणि सुई तिथवर पोचते. म्हापशाच्या एका शिंप्याला दाखवलं. छत्र्या आणि बॅगा शिवण्यात मुरलेला माणूस. त्याने आतून बाहेरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाब, हे ज्याने शिवलं ना, त्याला माहीत होतं की कोणीतरी हे परत उसवणार." आजच्या तीन थरांच्या जॅकेटमध्ये कापड, पडदा (पाणी अडवणारा पातळ थर) आणि अस्तर एकत्र चिकटवलेले असतात आणि शिवणीवर आतून टेप असते. हलकं असतं, आत घाम साठत नाही, घातल्यावर हात मोकळा फिरतो. मात्र दुरुस्तीला आत शिरायला वाटच नाही. सुई घातली की तेवढं नवं भोक.

जुन्यांचं कौतुक करताना हे सांगायला हवं की ती घाम बाहेर सोडत नव्हती. बॉब गोर यांनी 1969 मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून सच्छिद्र पडदा मिळवला, त्यातून गोर-टेक्स आलं: पाणी अडवणारं, पण घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड. त्याच्यापुढे माझं निळं म्हणजे अंगावर घातलेली ताडपत्रीच. घाम आतल्या आत ठिबकतो. मला त्याचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणाने: त्यात जे जे बिघडतं ते माणसाच्या हाताने नीट करता येतं.

पिवळं मात्र त्या कौतुकाला छेद देतं. तेही जुनंच, नव्वदच्या दशकातलं, फारसं न वापरलेलं, कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. उघडलं तर आतला थर गुळासारखा चिकट, बाही बाहीला चिकटलेली, आणि उलटीसारखा आंबूस वास. हे वापराने होत नाही. आतला जलरोधक थर पॉलियुरेथेनचा, आणि पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनची रेणूंची साखळी दमट उष्ण हवेत पाण्यामुळे तुटत जाते. जॅकेट समुद्रावर असो की कपाटात, तिला फरक पडत नाही. उलट पिशवीत कोंडलं की दमटपणा आतच राहतो. पॉलिईथर जातीचं पॉलियुरेथेन याला बरंच तोंड देतं, पण लेबलावर कोण लिहितो कुठलं आहे ते? तेव्हा "जुनं ते टिकाऊ" असं सरसकट म्हणू नका. जी टिकली तीच आपल्या हाती येतात, बाकीची कधीच कचऱ्यात गेली.

त्याचं काय केलं: आयसोप्रोपिल अल्कोहोलने तुकड्या-तुकड्याने चोळून थर उतरवला. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, जवळपास गॅस पेटलेला नाही. कापड खालून चांगलं निघालं. नवा थर द्यायचा विचार सोडला. आता ते वाऱ्यापुरतं जॅकेट आहे, डिसेंबरात सकाळी नदीवर पुरेल.

तिसरं निव्वळ हौस. हेली युएल हॅन्सन या नॉर्वेजियन कप्तानाने 1877 मध्ये मॉस गावी जवसाचं तेल पाजलेल्या लिननची जॅकेटं करायला घेतली, ती पद्धत हाताने करून बघायची होती. उकळलेलं जवसाचं तेल, पातळ हात, सुकू द्यायचं, पुन्हा हात. तेल वाळतं ते पाणी उडून नाही, हवेतला प्राणवायू घेऊन. म्हणून हे एप्रिल-मेच्या उन्हातच उरकलं. जुलैत सुरू केलं असतं तर दिवाळीपर्यंत चिकट राहिलं असतं. एक गोष्ट विसरू नका: तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

रंग मधासारखा पिवळा आला. वास घरच्यांनी अजून माफ केलेला नाही. गरमीत पाठीला थोडं चिकटतं. या बाबतीत आपले शेतकरी शहाणे: इरलं पाठीवर घेतलं की पाऊस वरून निथळतो आणि खालून वारा खेळतो, पडद्याबिडद्याची भानगड नाही. डेकवर मात्र पहिल्या झोतात उडून जाईल.

चाचणी स्कूटरवर घेतली, कदंब पठाराच्या रस्त्याने. हसू नका. ताशी 50 किलोमीटर म्हणजे साधारण 27 नॉट (ताशी सागरी मैल), समोरून पाऊस, आणि भिजलं तर घर जवळ. निळ्याच्या कापडातून थेंब आला नाही. पाणी शिरलं ते मानेतून आणि मनगटातून. जुने खलाशी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळत ते उगाच नव्हे. मनगटाला आतून घट्ट पट्टी होती, तिचा रबर मेलाय. तेलाच्या जॅकेटला शिवणीतून ओल आली, खांद्यावर. तिथे सुती दोरा वापरला होता. तो भिजल्यावर फुगून भोक बुजवतो असं म्हणतात, आणि थोड्या वेळाने ओल खरंच थांबली. पॉलिएस्टर दोरा मजबूत, पण फुगत नाही. माझं मत सध्या दोन्हींच्या मेळाकडे झुकतंय: आत पॉलिएस्टर, बाहेर सुती वेष्टण असलेला दोरा मिळतो, पुढची शिवण त्याची.

एक गोष्ट खरोखरच परत येणार नाही, आणि न आलेली बरी. कापडावर थेंब मोत्यासारखे उभे करणारी जुनी फ्लोरोकार्बनची फवारणी. तेल आणि डिझेललाही ती दाद देत नसे. पण त्यातली पीएफओए जातीची रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, शरीरात साठतात. युरोपात जुलै 2020 पासून त्यांच्यावर बंदी आहे. नवी फवारणी सनस्क्रीनच्या हातानेही मार खाते. म्हणून कॉलर आणि बाह्या धुऊन वारंवार नवी मारायची, एवढंच.

पुढचं काम: निळ्याला जुन्या वेटसूटच्या निओप्रीनमधून मनगटाच्या पट्ट्या कापायच्या आहेत, 3 मिलिमीटर जाडीचा तुकडा मिळालाय. आणि जाड प्लास्टिक दातांना बसणारा 10 नंबरचा स्लायडर हवाय, गंजणार नाही असा. पणजी आणि मडगावच्या शिवणसामानाच्या दुकानांत 5 नंबरच्या पुढे कोणी ठेवत नाही. कोणाकडे तुटक्या जॅकेटवरचा पडून असेल तर कळवा. बदल्यात उरलेलं जवसाचं तेल देतो.