निळे बोल्ट आणि इतवारीचा तराजू

माझी झेन २००१ ची. इंजिन ९९३ सीसी, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. बॉनेट उघडलं की घरचे म्हणतात, "आता विका." मी मात्र त्याच बॉनेटखाली निळे चमचमणारे टायटॅनियमचे बोल्ट लावायचं खूळ डोक्यात घेऊन बसलो होतो. गाडी हलकी होईल, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण निळा रंग.

पहिलं पाकीट ऑनलाइन मागवलं. आठ एमएमचे, तीस एमएम लांबीचे बारा ॲलन बोल्ट, फारच स्वस्त. चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. मी खूश. नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीत माझा शाळेतला दोस्त बसतो, सहज त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं एक बोल्ट तराजूत टाकला. १८ ग्रॅम.

"स्टीलचाही एवढाच भरन बे," तो म्हणाला.

मग सोनं तपासतात तसं केलं. पाण्याचा ग्लास तराजूवर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि बोल्ट दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता बुडवला. काटा जेवढा चढला तेवढ्या ग्रॅमचं पाणी बाजूला सरलं. बोल्टच्या वजनाला त्या आकड्यानं भागलं की घनता. आली ७.८ च्या आसपास. चुंबकाला न चिकटणारं स्टेनलेस, वरून निळा मुलामा!

दुसरं पाकीट महाग घेतलं, ३,६०० रुपये. त्यातला बोल्ट भरला १०.१ ग्रॅम, पाण्यात काटा चढला २.३. म्हणजे घनता ४.४. हे टायटॅनियम. पण दोस्ताचा तराजू एवढंच सांगू शकतो. टायटॅनियममध्येही ग्रेड असतात. ग्रेड ५ मध्ये साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, त्याची ताणशक्ती ९०० मेगापास्कलच्या घरात. ग्रेड २ म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम, ते ३५० च्या आसपास. घनता मात्र दोघांची ४.४३ आणि ४.५१, ग्लासभर पाण्यात हा फरक पकडणं कठीण. म्हणून ग्रेड लिहून देणाऱ्याकडूनच घ्यायचं आणि आटे कापलेले नाहीत, रोल केलेले, म्हणजे दाबून उमटवलेले आहेत ना, हे विचारायचं. रोल केलेले आटे थकव्याला, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाला, जास्त टिकतात.

आता हिशेब. बारा बोल्टमागे वाचले ९५ ग्रॅम. सकाळी तर्री पोह्याची एक प्लेट हाणली की गाडीत तेवढं वजन परत चढतं. १९९० मध्ये होंडानं एनएसएक्स ह्या स्पोर्ट्स कारमध्ये टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे, टाकले, त्याला अर्थ होता. रॉड मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो, तिथं वाचलेला ग्रॅम इंजिनाला कळतो. माझे बोल्ट लागणार होते ब्रॅकेटना, आणि ब्रॅकेटचा बोल्ट जागचा हलत नाही.

मला खरी धास्ती उष्णतेची होती. ॲल्युमिनियम तापलं की खूप फुगतं, दर डिग्रीला दशलक्षात २३ भाग. स्टील १२, टायटॅनियम ९. मला वाटलं, इंजिन तापल्यावर टायटॅनियमच्या बोल्टवर जास्त ताण येऊन आटेच उपटतील. एका रविवारी कागद घेऊन बसलो आणि गंमत निघाली. टायटॅनियम स्टीलपेक्षा लवचिक, ताठपणा ११४ गिगापास्कल, स्टीलचा २०५. फुगण्यातल्या फरकाला ताठपणानं गुणलं तर स्टीलला ११ गुणिले २०५, टायटॅनियमला १४ गुणिले ११४. म्हणजे वाढणारा ताण टायटॅनियमवरच कमी. जोडणी अजिबात दबत नाही असं धरलेला हा ढोबळ हिशेब, पण माझी भीती उलटी होती एवढं नक्की. नागपूरच्या मे महिन्यातले ४५ डिग्री तर इथं किरकोळच, चालू इंजिनातलं पाणी ९० च्या आसपास असतं.

चूक मी केली ती वेगळीच. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला टायटॅनियमचा बोल्ट आणि त्यावर टायटॅनियमचाच नट. कोरडा. रॅचेटनं भरभर फिरवला आणि अर्ध्यावर चावला. पुढे नाही, मागे नाही. हा धातू स्वतःवर घासला की चिकटतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे ते चिकटू न देणारं वंगण, लावल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि वंगण लावलं की टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, कमी करायचा, कारण निसरड्या आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. ॲल्युमिनियमचे आटे गेले की मग हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी, बसवत बसा.

हिंगणा रोडवरच्या आमच्या मिस्त्रींनी पाहिलं आणि म्हणाले, "काय करून राहिले भाऊ तुम्ही? चांगलं लोखंड काढून हे टाकलं काऊन?" आधी त्यांनी पेट्रोलचे बोळे दूर नेले, मग ग्राइंडर लावला. लोखंडाच्या ठिणग्या पिवळ्या असतात. ह्या पांढऱ्याशुभ्र, फुलबाजीसारख्या! शेजारच्या टायरवाल्याचा पोरगा काम सोडून बघायला आला. मिस्त्री एकदम गप्प.

बाकीचे बोल्ट मी तसेच कोरडे ठेवले होते, हा आळस. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा गाडी गुडघाभर पाण्यात होती. दिवाळीत उघडली तर बोल्ट जसेच्या तसे निळे आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी फुटलेली. दोन धातू, मध्ये ओल, झिजणार तो ॲल्युमिनियमच. खालचे सगळे काढून तिथं जस्त चढवलेले स्टीलचे लावले. वरचे, टॅपेट कव्हरजवळच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाजवळच्या) ब्रॅकेटचे चार, अँटी-सीझ लावून राहू दिले. तिथं पाणी पोचत नाही आणि बॉनेट उघडलं की दिसतात तेच. हेड आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कंपनीचेच आहेत, त्यांना रंगासाठी हात लावायची माझी हिंमत नाही.

कापलेला बोल्ट मिस्त्रींनी परत दिला नाही. "राहू द्या भाऊ," म्हणाले, "दिवाळीले पोरायले ठिणग्या दाखवतो."