सबटायटलं न वाचता

रविवारच्या पुरवणीत मी परदेशी सिनेमांवर लिहिते. पानावर तीन चौकटी ठरलेल्या: थरारपट, नाट्य, कौटुंबिक. त्या आठवड्यात नाट्याच्या चौकटीत असगर फरहादींचा ‘अ सेपरेशन’ होता. २०११ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार, पुढच्या वर्षी ऑस्कर. दोन्ही मिळवणारा पहिला इराणी सिनेमा. मी तो आधी पाहिला होता, परीक्षण निम्मंअधिक लिहून झालं होतं. फक्त एक-दोन प्रसंग ताडून बघायचे म्हणून दुपारी टीव्हीवर लावला.

अण्णा झोपले होते. त्यांना विसरण्याचा आजार आहे. दोन वर्षांपासून दिवसभर त्यांचं करायला मावशी येतात. त्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. पडद्यावर नायकाचा, नादेरचा, म्हातारा बाप दिसला, तशा ताट घेऊन आत सरकल्या.

“यालाबी अण्णांवानीच हाय का?”

सबटायटलं इंग्रजी, म्हणून मी थोडं थोडं सांगत गेले. बायको सिमीन घर सोडून माहेरी गेलीय, म्हाताऱ्याला सांभाळायला राझिये नावाची बाई ठेवलीय, ती पोटुशी आहे, कामाचं नवऱ्याला सांगितलेलं नाही.

म्हातारा कपडे ओले करतो. राझिये फोन लावून विचारते, परक्या पुरुषाचे कपडे बदलले तर पाप लागेल का? माझ्या टिपणात यापुढे ‘धर्माचा पगडा’ एवढेच शब्द होते. मावशींचे हात थांबले.

“मलाबी पहिल्या दिशी लई कसंतरी झालं हुतं, ताई. अण्णांना आंगूळ घालते ह्ये आमच्या मालकांना अजून ठावं न्हाई. जेवण आन् गोळ्या देते, एवढंच सांगितलंय.”

काय बोलावं मला कळेना. सिनेमा चालूच होता. राझियेची पोर ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी फिरवायला लागली, तशा मावशी ओरडल्याच, “अगं ए!” आत अण्णा जागे झाले की काय म्हणून मी बघून आले. या प्रसंगात धडकी भरण्यासारखं काही आहे, हे मला आधी जाणवलंच नव्हतं.

मग म्हातारा दार उघडं बघून रस्त्यावर जातो. राझिये धावत सुटते, समोर तो, मधे गाड्या. आणि एकदम पुढचा प्रसंग.

“मधलं कापलं का?” मावशी म्हणाल्या. “गाडीनं उडीवलं आसंल तिला.”

(रहस्य फोडतेय, माहीत आहे. पण सिनेमा जुना झाला, आणि त्याशिवाय मला हे सांगता येणार नाही.) ही गोष्ट फरहादी थेट शेवटाकडे उघड करतात. तोवर कोर्टकचेरी होते, खोट्या साक्षी होतात. पहिल्या वेळी इथे काही गाळलंय अशी शंकासुद्धा मला आली नव्हती. मी सबटायटलं वाचत होते.

नादेर घरी येतो, तर बाप पलंगाखाली पडलेला, हात पलंगाला बांधलेला. मावशी संतापतील असं वाटलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, थोडा वेळ गप्प राहिल्या.

“बांधायला नगं हुतं,” त्या म्हणाल्या. “पन दवाखान्यात गेली आसंल. सांगून गेली आसती तर पगार कापला आसता की.”

माझ्या परीक्षणात राझियेसाठी शब्द होता ‘बेजबाबदार’.

संध्याकाळी पुरवणीच्या संपादकांना फोन केला, हा सिनेमा थरारपटात घेता येईल का? ते म्हणाले, “अहो, पान लागलंय. आणि घटस्फोटाचा सिनेमा ना हा?” नाट्यातच गेला. मजकूर मात्र मी रात्री बसून सगळा नव्याने लिहिला.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, चपला काढता काढता म्हणाल्या, “ताई, बुधवारी दुपारी मला दवाखान्यात जायचंय.”

दोन वर्षांत पहिल्यांदाच.