पक्षाघातानंतर तेल लावताना

महानारायण तेलाने मालीश करायला हरकत नाही, पण फिजिओथेरपीच्या आधी, हलक्या हाताने, फार तर १५ मिनिटं. लुळा हात ओढायचा नाही. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली सरकतो. कोपर आपल्या तळहातावर तोलून धरा. पोटरी सुजून गरम लागली तर अजिबात चोळू नका, आत गुठळी असू शकते. शेकाची पिशवी आधी रुग्णाच्या चांगल्या हाताला लावून बघा. बधिर कातडीला चटका कळतच नाही, घरच्यांना थेट फोड दिसतो. उभं करण्याआधी तळपाय कोरडे पुसा (हे हमखास विसरतं). गिळताना ठसका लागत असेल तर काढा आणि नस्य (नाकात सोडायचे औषधी थेंब) बंद. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असताना गुग्गुळाच्या गोळ्या परस्पर देऊ नका. डबी डॉक्टरांना दाखवाच.